विहिरीतल्या इंजिनाची व्यवस्था

मी, गुरुसिद्धप्पा रामलिंगप्पा बिराजदार, वय साठीच्या आसपास, धंदा ऑईल इंजिन दुरुस्ती, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, माझ्यामागं माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते आज राजीखुशीनं, कुणाचा दाब नसताना लिहून ठेवतो. डोळे थोडे अधू झालेत, कान शाबूत आहेत आणि डोकं ठिकाणावर आहे.

कलम १. राहतं घर परसासह पत्नी इरम्मा हिचं. ऑईलचे हात घेऊन स्वयंपाकघरात यायचं नाही, ही तिची अट मी जन्मभर पाळली. मुलांनीही पाळावी.

कलम २. पोस्टातली शिल्लक मुलगी रुद्रम्मा हिची. जावयांनी पासबुक सांभाळायची तसदी घेऊ नये.

कलम ३. दुकान, पाने, व्हाइस आणि गिऱ्हाइकांची ओळख मुलगा शिवशरण याची. बार्शीच्या जिनिंगमध्ये झाडू मारता मारता, इंजिनाचा आवाज ऐकत मी हा धंदा शिकलो. मालमत्ता म्हणावी तर तीच. मात्र हे कलम पाचव्या कलमातल्या अटीवर आहे.

कलम ४. पाणी सोसायटीच्या विहिरीतलं इंजिन माझ्या मालकीचं आहे, सोसायटीला भाड्यानं दिलेलं. दिलं तेव्हा ते काठावर होतं. दुष्काळात पाणी खोल गेलं, काठावरून ओढेना. मी सामान आणायला सोलापूरला गेलो असताना अध्यक्ष धुळाप्पा यांनी ते विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवलं. यंदा गावोगाव हेच चाललंय. आत धूर कोंडतो, आच कोंडते. इंजिन गार ठेवणारं पाणी त्याच पंपातून येतं; विहीर तळाला लागली की पंप हवा ओढतो आणि इंजिनाच्या माथ्यावरचं हेड कोरडंच तापतं. वरून, पाणी जास्त निघावं म्हणून अध्यक्षांनी डिझेलचा स्क्रू खोलायला लावला. धूर काळा झाला.

शिवशरणला शिकवलेलं इथंही लिहितो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात ठेवता आला पाहिजे. हेडवर पाण्याचा थेंब टाकावा. बसल्या जागी आटला तर चालू द्यावं. नाचत उडाला तर भार काढून, डिझेल कमी करून निवू द्यावं. तापल्या हेडवर गार पाणी ओतू नये, तडकतं.

अध्यक्षांना हे सांगितलं तर म्हणाले, "अप्पा, इंजिन तापतंय म्हंजे काम करतंय."

मी म्हणालो, "ताप आलेला माणूस बी हातपाय हलवतो अध्यक्ष, त्याला कुणी मोटेला जुंपत न्हाय."

लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. स्क्रू तसाच राहिला.

मी ओट्यावरून ऐकत होतो. आधी टकटक सुरू झाली, मग आवाज जड झाला, आणि काल दुपारी इंजिन आपोआप बंद पडलं. पिस्टन धरलाय, जागचा हलत नाही. अध्यक्षांनी शिवशरणला सांगितलं, उतर आणि मोकळं कर. तो हो म्हणाला.

"शिवा, गोरोबाचं काय झालं इसरलास का?" मी विचारलं.

"अप्पा, तुमी उगं भिता. कंदील सोडून बघतो की आधी."

गोरोबानंही कंदील सोडला होता. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात, अशाच बंद पडलेल्या इंजिनाकडे तो उतरला. कंदील जळतच होता. कंदील जळतो म्हणून माणूस जगेल असं नाही; इंजिनाच्या धुराचं विष कंदिलाला कळत नाही. त्याला काढायला भाऊ उतरला, भावाला काढायला मेहुणा. तिघांनाही वर आणलं तेव्हा कंदील तसाच जळत होता.

म्हणून मी अध्यक्षांना गोडीत म्हणालो, "जाम इंजिन खाली उघडत न्हाय. साखळी लावून वर घेऊ. साखळी मी उतरून लावतो, मजुरी नको." मजुरी नको म्हटल्यावर ते तयार झाले. कालपासून लिंबाचा डहाळा दोराला बांधून विहिरीत खालीवर करवतोय, आतली हवा हलावी म्हणून. किती हलली ते उतरल्यावर कळेल.

इंजिन वर आलं तर ते शिवशरणचं. त्यानं ते पुन्हा कुठल्याही विहिरीत उतरवू नये, भाडं कितीही मिळो. वर आलं नाही तर माझ्या वारसांचा त्यावर हक्क नाही, ते तिथंच गंजू द्यावं.

कलम ५. उद्या माझ्या कमरेला दोर असेल आणि मी सारखा बोलत राहीन. बोलणं थांबलं की दोर ओढावा, "अप्पा, काय झालं" असं विचारत बसू नये. दोर अडकला तर मला तिथंच राहू द्यावं. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. मला बसवायला उशीर झाला तरी चालेल. विधीला येणाऱ्या स्वामींनी घाई करू नये. इरम्मानं हंबरडा फोडून पोराला पुढं लोटू नये. मला काढण्यासाठी शिवशरणनं विहिरीच्या पहिल्या पायरीवर जरी पाय ठेवला, तरी तिसरं कलम रद्द होऊन दुकान रुद्रम्माचं होईल, आणि ती त्याला हाताखाली ठेवील. ही भीती त्याला मरणापेक्षा जास्त आहे, असा माझा अंदाज आहे.

साक्षीदारांना वाचून दाखवून सही केली.

सही: गु. रा. बिराजदार

साक्षीदार:
१. बिरदेव, राहणार जळकोट (सही)
२. कोंडिबा, राहणार जळकोट (डाव्या हाताचा अंगठा)

उद्या दोर आम्ही दोघं धरणार आहोत. अप्पांचा आवाज थांबला तर एकानं दोर ओढायचा आणि दुसऱ्यानं शिवशरणला धरायचं, हे आम्हाला मान्य आहे. शिवशरणला धरायचं काम कोंडिबाकडे आहे, कारण तो अंगानं थोराड आहे.

मुक्काम जळकोट, दिनांक ११ एप्रिल १९७३