किसुमूला न गेलेला

९ मार्च, रवि. हॅनोव्हर

मेधा आणि ओवीला जाऊन आज पंधरा दिवस. व्हिडिओवर किसुमूचं घर दाखवलं. बंगलीच आहे. पुढे व्हरांडा, गच्चीवर काळी टाकी, खिडक्यांना गज. ओवी फोन घेऊन पळत होती, त्यामुळे सगळं तिरकं दिसलं. "पापा, शाऊ माल, आइन गेको!" भिंतीवर पाल. आपली साधी पाल. म्हटलं, छान आहे. मेधाने विचारलं, जेवलास का? जेवलो म्हटलं. जेवलो होतो, ते खरं आहे.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर भेटल्या. "गान्स आलाइन?" अगदी एकटे? म्हटलं, जुलैपर्यंतच. ठरलंय तसं. मेधाचं केनियाचं पोस्टिंग वर्षभराचं, पाणी योजनेचं काम. माझा प्रोजेक्ट जूनमध्ये संपतो, मग बिनपगारी रजा टाकून मीही तिकडे.

रजेचं ऑफिसात अजून बोललो नाहीये.

२७ मार्च, गुरु.

नाही बोललो. बॉस सोमवारी नव्हता. मंगळवारी होता. कालही होता.

वाईट काही चाललेलं नाही. सहाला उठतो, सातची श्टाटबान (ट्राम), दिवसभर टेस्टिंग हॉल, साडेचारला बाहेर. पोळ्या बंद, पाव. रविवारी फोन. कपडे वेळेवर धुतो.

१३ एप्रिल, रवि.

तिकडचं रूटीन (लिहून ठेवतो, नाहीतर दर फोनला तेच विचारतो). ओवीची शाळेची व्हॅन पावणेसातला. मे. (म्हणजे मेधा) साडेसातला साइटवर, कधी दोन-दोन तास कच्चा रस्ता. घरकामाला रोझ म्हणून बाई. ती सुकुमा नावाची पालेभाजी करते, मे. तिच्यात लसूण आणि दाण्याचं कूट घालते. लाईट रोज एकदा तरी जातेच. पाणी एक दिवसाआड, सकाळी भरून ठेवायचं.

"आमच्या सांगलीसारखंच आहे रे सगळं," मे. म्हणाली. आवाज मोकळा होता. इथे असताना असा नसायचा. किती दिवस नव्हता ते आठवून बघितलं, नाही आठवलं.

१८ मे, रवि.

सासूबाई सांगलीहून किसुमूला पोचल्या, पाच-सहा महिने राहणार. बाजारात मराठीतून भाव करतात म्हणे, समोरची बाई तिच्या भाषेत बोलते आणि सौदा होतो. फोनवर आल्या. "नितीनराव, तुम्ही कधी येताय? इथे मेथी मिळते हो, ताजी!"

म्हटलं, येतो आई, जुलैत येतो. हसलो पण. म्हणजे तसा आवाज काढला.

१२ जून, गुरु.

प्रोजेक्ट संपला. वेळेत. हॉलमध्ये केक कापला, बॉस दोन वाक्यं बोलला, टाळ्या.

घरी येऊन मे.ला फोन केला आणि सांगितलं की काम लांबलंय, शरद ऋतूपर्यंत तरी सुटका नाही. का सांगितलं माहीत नाही. बोलायला तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं. जुलैचं तिकीट रद्द.

मे. म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने, "ओवीला तू सांग."

सांगितलं. "ओके," म्हणाली. तिला कोणीतरी खेळायला बोलवत होतं.

३ जुलै

काही नाही.

४ जुलै

काही नाही.

२० जुलै, रवि.

फोन लागला तेव्हा पडदा काळा. आणि ओवीचा आवाज, "बाबा, लाईट गेलीये ना, म्हणून मी तुला दिसत नाहीये."

अख्खं वाक्य. मराठी. 'पापा' नाही, 'बाबा'. नऊ वर्षं आम्ही मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. मी रागावून बघितलं, गोष्टी सांगून बघितलं, एकदा तर आठवडाभर जर्मन ऐकू येत नसल्याचं नाटकही केलं होतं. आजीने दोन महिन्यांत करून टाकलं. मागून मे. म्हणाली, "ऐकलंस ना?"

म्हटलं, ऐकलं. अरे वा, म्हटलं.

ती अजून काहीतरी यायची वाट बघत होती. माझ्याकडे अजून काही नव्हतं.

२४ ऑगस्ट, रवि.

फोन सासूबाईंनी उचलला, मे. अंघोळीला गेली होती. "आता काळजी नाही हो, नितीनराव. पोरगी उठून बसली. सकाळी वरणभात खाल्लान."

कधीपासून उठून बसली? कशातून?

मलेरिया. बुधवारपासून. एकशे चार ताप, दोन दिवस दवाखान्यात सलाईन. मग मे. फोनवर आली. केस ओले. "तुला सांगणार होते. तू इथून लांब, करणार काय, उगाच त्रास. तुला आधीच..." आणि थांबली.

मी विचारलं, कुठला प्रकार? औषध कुठलं, किती दिवस? पुढची रक्ततपासणी कधी? तिने एकेक सांगितलं, मी कागदावर लिहून घेतलं. ओवीशी बोललो. बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, सुई दुखली नाही फार." शूर आहेस म्हटलं. मग भात टाकला. जेवलो.

२५ ऑगस्ट, सोम.

काल नीट झोपलो. सात तास. सकाळी श्टाटबानमध्ये बसल्यावर लक्षात आलं. मुलीला मलेरिया, मला चार दिवस पत्ता नाही, कळल्यावर मी प्रश्न विचारले आणि झोपलो. शेजारी एक बाई फोनवर कोणावर तरी चिडली होती, हात हलवून हलवून. तिच्याकडे बघत बसलो. एक स्टॉप पुढे गेलो.

घाबरायला हवं होतं. तेही नीट जमलं नाही.

४ सप्टें., गुरु.

हाउसआर्त्स्टकडे गेलो. आमच्या नेहमीच्या डॉक्टर, ओवीला जन्मापासून बघतात. कंबर दुखते म्हणून सांगितलं. त्यांनी कंबर तपासली, मग विचारलं, घरी कसं? आलेस गुट, सगळं ठीक. मुलगी कशी? मलेरिया झाला होता, आता बरी आहे. मी हे ज्या आवाजात सांगितलं तो बहुतेक त्यांना आवडला नाही. एक फॉर्म दिला, गेल्या दोन आठवड्यांत अमुक किती वेळा वाटलं, तमुक किती वेळा. फॉर्म भरायची सवय आहे. खरं खरं भरला.

वाचून म्हणाल्या, हे कंबरेचं नाही. आणि सहा थेरपिस्टांची यादी दिली.

फोन केले. सहापैकी चौघांनी वार्टेलिस्टवर, प्रतीक्षायादीत, नाव घेतलं. दोघांनी उचललाच नाही.

१७ ऑक्टो., शुक्र. किसुमू

दिवाळीसाठी दहा दिवस. विमानतळावर ओवी उंच दिसली. गळ्यात पडली, मग लगेच माझी बॅग ओढायला लागली. मे.ने हात दाबला. ती गाडी चालवते इथे, डाव्या बाजूने, खड्डे चुकवत, एक हात हॉर्नवर. हॅनोव्हरमध्ये गाडी मीच चालवायचो.

घर फोनवर दिसतं त्याहून लहान आहे. ओवी नियम सांगत होती. मच्छरदाणी गादीखाली पूर्ण खोचायची, बाबा. नळाचं पाणी तोंडात घ्यायचं नाही. बादली सकाळीच भरायची. रात्री बूट बाहेर ठेवायचे नाहीत. म्हटलं, गेनाऊ, बरोबर. ती म्हणाली, "गेनाऊ नको, इथे सावा म्हणायचं."

२० ऑक्टो., सोम. किसुमू

अभ्यंगस्नान. सासूबाईंनी पाटावर बसवून तेल लावलं, ओवीला आणि मग मलाही. "जावई आहात, लाजू नका." रोझ दारातून बघून हसत होती. तिला चकली सोऱ्यात भरता येते, आईंनी शिकवलंय. तिघी मिळून जे काय बोलत होत्या त्यातलं अर्धं मला कळत नव्हतं, थोडं मराठी, थोडं स्वाहिली, मधेच ओवीचं एखादं जर्मन. कुठला तरी बकऱ्याचा किस्सा. त्या हसल्या की मीही हसायचो, अर्ध्या सेकंदाने.

फराळाला बसल्यावर ओवीने विचारलं, "तू परत जाणार?"

"ऑफिस आहे ना."

"आईलापण ऑफिस आहे."

 सासूबाईंनी माझ्या ताटात अजून एक अनारसा ठेवला.

२३ ऑक्टो., गुरु. किसुमू

सकाळी सहाला व्हरांड्यात, मे. आणि मी, चहा. शहराला लागून मोठं तळं आहे, तिकडून वारा येत होता. ती म्हणाली, फोनवर म्हटलं होतं ना, कंपनी अजून दोन वर्षं विचारतेय. डिसेंबरपर्यंत सांगायचंय. तुला काय वाटतं?

"तू ठरव."

"हे तू दुसऱ्यांदा म्हणतोयस. फोनवरपण हेच म्हणालास. मी तुझं विचारतेय."

मग सांगितलं. कसं सांगितलं ते आता नीट आठवत नाही, पण क्रम असा होता. प्रोजेक्ट जूनमध्येच संपला होता. रजा मी मागितलीच नाही. ओवीचा मलेरिया कळला त्या दिवशी मी झोपलो, मस्त झोपलो. मला काही वाटत नाही, मेधा. वाईट नाही, चांगलं नाही. तू निघालीस तेव्हाही नाही. कधीपासून ते मला माहीत नाही.

ती कपाकडे बघत होती. म्हणाली, "मला माहितीये कधीपासून."

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, म्हणाली. संध्याकाळी मी गाडी खाली लावली आणि आत बसून राहिलो. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. दिवे बंद, इंजिन बंद, मी नुसता बसलेला. चाळीस मिनिटं. मग वर येऊन म्हणालो, ट्रॅफिक होतं.

"काय झालं होतं त्या दिवशी?" मी विचारलं.

"काहीच नाही. मी तुझ्या ऑफिसात कोणाकोणाला विचारलं नंतर. काहीच झालं नव्हतं." मग म्हणाली, "तुला नाही विचारलं. वाटलं, आपोआप जाईल. नाही गेलं. मग मी हा जॉब घेतला. एकाच घरात तू असून नसलेला, त्यापेक्षा..."

 आत ओवी उठल्याचा आवाज आला. मे. म्हणाली, "जुलैत येणार नाहीस हे मला मार्चमध्येच कळलं होतं. तुला पकडायचं नव्हतं."

व्हॅन आली. ओवीच्या वेणीला रिबिन मी बांधली. वाकडी.

२७ ऑक्टो., सोम. हॅनोव्हर

परत. इथे कालपासून घड्याळं तासाने मागे, आता त्यांच्यात आणि माझ्यात दोन तास. सासूबाईही आठवड्याभरात सांगलीला जाणार. निघताना मला म्हणाल्या, "माझं पटत असेल तर ऐका. कोणाशी तरी बोला. पोरीशी नका बोलू एवढ्यात, तिच्या आईशीही नको. परक्याशी बोला." त्यांना मे.ने सांगितलं असावं. किंवा त्यांना दिसलं.

१९ नोव्हें., बुध.

यादीतल्या एका थेरपिस्टकडे अचानक जागा झाली, कोणीतरी रद्द केलं. पन्नास मिनिटं. साठीची बाई, खोलीत दोन खुर्च्या, खिडकीत कुंडी. 'वी गेट एस इनेन', कसे आहात, म्हणाली आणि मी गुट, ठीक, म्हणणार होतो. तोंडात आला शब्द. गिळला. मग दुसरं काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून कुंडीकडे बघत बसलो. तिला काही घाई नव्हती.

दोन आठवड्यांनी परत.

३ डिसें., बुध.

दुसरी खेप. तिने विचारलं, बायको काय ठरवते आहे? म्हटलं, ती ठरवेल. तुम्हाला काय हवंय? आल्झो, म्हणजे असं की... म्हणून सुरू केलं आणि पुढे वाक्यच नव्हतं.

मे.नेही रविवारी परत विचारलं होतं. तू ठरव, म्हणालो होतो.

१० डिसें., बुध.

दुपारी कॅन्टीनमध्ये मे.चा मेसेज. "आज शेवटची तारीख होती. दोन वर्षांसाठी सही केली. बोलू." सूप समोर होतं. परत वाचला. कान गरम झाले. आधी वाटलं ब्लडप्रेशर. मग चमचा खाली ठेवला तर तो जोरात आपटला. समोरचा दचकला.

जॅकेट न घेताच बाहेर आलो, सायकली लावतात तिथे. फोन केला.

"मला राग आलाय."

 तिकडे कोणीतरी पंप सुरू केला, बंद केला.

"कोणाचा?"

"तुझा. मला न विचारता सही केलीस."

"तीनदा विचारलं, नितीन."

"माहितीये. तरी आलाय."

 मग तिने नाक ओढलं. "मग बोल ना," म्हणाली. "थांबू नकोस. बोल."

बोललो. पंचवीस मिनिटं तरी. बरंचसं चुकीचं. पोरगी दवाखान्यात आणि मला चार दिवस कळवायचं नाही, हे कुठलं वागणं. खिडकीतून चाळीस मिनिटं बघत होतीस तर खाली का नाही आलीस. इथपर्यंत. आवाज चढला. टेस्टिंग हॉलमधला एकजण सिगरेट ओढायला आला आणि तसाच आत गेला. तीही एकदा ओरडली. तूच पायऱ्या चढून वर यायचं होतंस, खाली मी का यायचं, असं काहीतरी. मग दोघंही दमलो. ठरलं काहीच नाही. मी तिकडे जाणार की ती दोन वर्षं संपल्यावर परत येणार की असंच, एक वाक्यही त्यावर नाही.

तिची गाडी साइटवर निघत होती.

"उद्या सकाळी परत भांडू," म्हणाली. "सातला."

"सात तुझे की माझे?"

"तुझे," म्हणाली. "मी थांबते."