डोंगरातलं जांभळं घर

३ एप्रिल
बायको, म्हणजे लोर्ना, तिच्या बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेली त्याला महिना झाला. 'तिथली जुनी रंगीत घरं बघते आणि चार दिवसांत येते,' म्हणाली होती. घरं बरीच असतील. काळजीचं कारण नाही. रात्री झोप लागत नाही, पण ती कॉफीमुळे.

७ एप्रिल
खाली दुकानात जाऊन फोन केला. (आपल्याकडे फोन नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.) लोर्ना म्हणाली, राहते अजून थोडे दिवस. मागे बायका खिदळत होत्या. घरं कशी आहेत विचारलं, तर सुटलीच. एक जांभळं काय, एक पिवळं काय, खिडक्यांवर सोनेरी नक्षी काय! रोग सापडला. बाईला रंग हवेत, आणि आपलं घर म्हणजे नुसतं रेडवूडचं लाकूड. रंगवून टाकू.
दुकानवाली व्हेल्मा म्हणाली, अरे ऑर्विल, तिला रंग नकोत, शेजार हवाय. हिला काय कळतंय, डोंबल!

९ एप्रिल
जांभळा, पिवळा, गुलाबी घेतले. व्हेल्मा म्हणे, रेडवूडला आधी प्रायमर मार, नाहीतर लाकडाचा तपकिरी रस वर येतो. माल खपवायच्या युक्त्या. मी बरा फसेन!

१४ एप्रिल, संध्याकाळ
पहिला हात पूर्ण. फळ्या कापून नक्षीही ठोकली. एक डोक्यात पडली. टेंगूळ किरकोळ. घर साक्षात सॅन फ्रान्सिस्को!

१६ एप्रिल
भिंतींवरून तपकिरी ओघळ. जुनाट लूक आलाय. शहरात असल्या लूकला लोक पैसे मोजतात.

१९ एप्रिल
गॅसवाला आला. घराकडे बघून म्हणाला, आग कधी लागली होती? गाढव. तरी त्याला कॉफीला थांब म्हटलं. नाही थांबला. दोनदा म्हटलं होतं.

२१ एप्रिल
दुकानातून फोन केला. लोर्ना रविवारी येतेय! बहिणीचा पिकअप घेऊन. बोलायचंय म्हणाली. पिकअप म्हणजे सामान परत आणणार, दुसरं काय? मी म्हटलं होतंच.
देवा, येऊ दे तिला. परवापासून मी स्टोव्हशी बोलतोय.

२५ एप्रिल, रविवार
आली. पिकअप रिकामा. घराकडे कितीतरी वेळ बघत राहिली, मग रडायलाच लागली. मी म्हटलं, आवडलं ना? म्हणाली, अरे वेड्या, इथे बघायला आहे कोण?
मग सगळं बोलली. म्हणे, घरांसाठी नाही राहिले मी. बहिणीच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी, मी स्वेटर नाही घातला तर ओरडते. पाववाला विचारतो, आज उशीर का गं लोर्ना? इथे माझं नाव घेणारा तू एकटा, आणि तूही नुसतं 'अगं' म्हणतोस.
तिथेच खोली घेतलीय म्हणाली. मागच्या बाजूची, खिडकीतून दिसते नुसती भिंत. त्या रंगीत घरांत आपल्याला कोण जागा देणार! पण दोघांना पुरेल. पिकअप तुझ्या सामानासाठी आणलाय. चल. आत्ता चल.
मी म्हटलं, अगं, दुसरा हात बाकी आहे.
ती म्हणाली, ऑर्विल, मी परत परत नाही विचारणार. मी म्हटलं, उत्तरेची बाजू तर तू पाहिलीच नाहीस. ती इंजिन सुरू ठेवून बसून राहिली. मी ब्रश शोधत होतो. माणूस कामात आहे हे दिसायला नको का? ब्रश सापडला तेव्हा रस्त्यावर धूळ होती.
बायका उतावळ्या असतात. येईल.

२६ एप्रिल
सकाळपासून धुकं. रंग वाळणार नाही. काम बंद.
म्हणजे काल गेलो असतो तरी चाललं असतं.