नानांच्या कपाटाचा आवाज

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो मनातल्या मनात घातलाय, पोचला असं समजावं.) तुमचा खोकला कसा आहे? काढा प्यायच्या वेळी तुम्ही नेमके शेजाऱ्यांकडे जाऊन बसता, असं मामी फोनवर सांगत होत्या. इकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान बरं चाललंय, बायको खुशाल आहे, आणि सासरे, म्हणजे आमचे नाना, गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहतात हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्याबरोबर त्यांचं काचेचं कपाटही आलं, हे मात्र मी कळवलं नव्हतं. टेबल टेनिसमध्ये मिळवलेले सगळे चषक त्यात आहेत. बैठकीच्या खोलीत ते माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या अगदी समोर उभं आहे. दोन सवती एका खोलीत.

कंबर धरायचं कारण तो अ‍ॅम्प्लिफायरच. गिटारीचा आवाज निम्मा बोटांत असतो आणि निम्मा त्या पेटीत, असं तुम्हीच मला शिकवलंत. खरं आहे, पण ती पेटी जिने उतरवून कार्यक्रमाला न्यायची म्हणजे माझा निम्मा जीव तिथेच जातो. म्हणून मी एक पेडल घेतलं, जेवणाच्या डब्याएवढं, पायाने दाबायचं. तुम्ही नाक मुरडणार हे ठाऊक आहे, पण आधी ऐका. हे पेडल कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शिकून घेतं. पेटीसमोर माइक ठेवायचा, वायरी जोडायच्या, मग पेडल स्वतःच पेटीतून चित्रविचित्र आवाज काढतं (आधी गळा धरलेलं बदक, मग फुटलेला पाइप, मग त्या दोघांचं भांडण) आणि पेटी त्या आवाजांचं काय करते ते माइकमधून ऐकत राहतं. थोड्या वेळाने मोबाइलमधलं अ‍ॅप सांगतं, शिकून झालं. त्यानंतर पेटी घरी आणि पेडल पिशवीत.

अट एकच, पेटी मोठ्याने वाजली पाहिजे आणि घरात चिटपाखरूही बोलता कामा नये. बायकोला तिच्या मैत्रिणीकडे पाठवलं. खालच्या मजल्यावरच्यांना आधीच हात जोडून आलो. नानांना मी अदबीने सुचवलं, की जरा फिरून यावं. ते म्हणाले, आपल्याला ऐकू कमीच येतं, आपण बसतो. आणि बदकापासून पाइपापर्यंत सगळ्या कार्यक्रमात त्यांनी पेपरचं पानही उलटलं नाही.

नंतर मी हेडफोन लावून वाजवलं. आवाज हुबेहूब पेटीचा होता, पण प्रत्येक सुराच्या बुडाशी काहीतरी किणकिणत होतं. मला वाटलं, पेडल नासकं निघालं. वायरी बदलल्या, माइक बदलला, विक्रेत्याला फोन करून त्याचं डोकं खाल्लं. शेवटी पेटी लावून गिटारीची सगळ्यात जाड तार छेडली आणि सहज मान वळवली, तर कपाटातले चषक थंडी भरल्यासारखे थरथरत होते. पेडल बिचारं आज्ञाधारक. त्याने पेटीबरोबर कपाटही शिकून घेतलं होतं.

पुन्हा शिकवायला वेळ नव्हता, कारण संध्याकाळी दंतवैद्यांच्या संमेलनात आमचा कार्यक्रम होता. (आमचा ड्रमर दातांचा डॉक्टर आहे. आम्ही त्याला दाढ म्हणतो, कारण तो मुळापासून दुखतो.) मी देवाचं नाव घेऊन तसंच वाजवलं. दाढ आजवर मला कधी चांगलं म्हणालेला नाही. कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "हा आवाज कुठून आणलास? आता बदलू नकोस." मग मी पेडलने शिकलेल्या त्या आवाजाची फाइल अ‍ॅपवर टाकली. तिथे लोक एकमेकांचे आवाज उसने घेतात. एका अनोळखी गृहस्थाने विचारलं, पेटी कुठल्या कंपनीची? सासरची, असं लिहिणार होतो, पण आवरलं.

घरी आल्यावर नानांच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"हा उजवीकडचा," ते म्हणाले. "उपविजेतेपदाचा. त्याचा तळ सैल आहे."

ऐकू कमी येणारा माणूस हा. त्या दिवसापासून ते रोज चषकांच्या जागा बदलतात आणि मला वाजवायला बसवतात. वर्षभर आमचं बोलणं हवापाणी आणि विजेचं बिल यापलीकडे गेलं नव्हतं. आता कुठल्या गाण्याला कुठला चषक, यावरून आम्ही इतके भांडतो की बायको मध्ये पडायचीही बंद झाली आहे.

मामींना नमस्कार सांगा, आणि काढा प्या.

तुमचा भाचा

ता. क. पत्र खरं तर या कारणासाठी लिहितोय. मेव्हण्याने नानांना कायमचं त्याच्याकडे बोलावलंय, कपाटासकट. परवा नाना मला म्हणाले, "आवाज तर तुमच्या पेडलमध्ये आलाच आहे. आता कपाट गेलं तर तुमचं काय अडणार?" जावयाने सासऱ्याला जाऊ नका म्हणायचं ते कुठल्या तोंडाने? मी सांगितलं, पेडल सगळं विसरलंय. पुन्हा शिकवावं लागेल, आणि या खेपेला त्याला वर्ष तरी लागेल. नाना नुसतं हं म्हणाले. तेव्हा तुम्ही चार दिवस या आणि ही यंत्रं कशी विसराळू असतात, ते जाणकार चेहऱ्याने त्यांना सांगा. पेडलला नावं ठेवायला तुम्हाला आवडेलच.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बायकोने एक गोष्ट सांगितली. नानांनी मेव्हण्याला कळवून टाकलंय, की जावयाचं यंत्र अर्धवट शिकलंय, ते पुरतं शिकेपर्यंत आपल्याला हलता येणार नाही. आणि हे त्यांनी मी थाप मारायच्या आधीच कळवलं होतं. तरी तुम्ही याच. मेव्हणा इंजिनिअर आहे, आम्ही दोघं त्याला पुरे पडणार नाही.