नासपतीखालची चांदी

९ एप्रिल

चांदीचे दोन गड्डे गेले. नासपतीखालचे, सगळ्यात जुने. उपटलेले नाहीत — फावड्याने मुळांसकट नीट कापून नेलेत, वर माती सारखी केली आहे. शेळीचं काम नव्हे. माणसाचं आहे, आणि हात सरावलेला.

चांदी हे नाव माझ्या आत्याने ठेवलं. रानात हे झाड हिरवंच असतं. तिला एकदा रुपेरी पानांचं सापडलं, ते तिने आणून सावलीत लावलं. बारकी निळी फुलं गावात सगळ्यांकडे आहेत, ही पानं फक्त माझ्याकडे. बी टाकून उपयोग नाही, हिरवीच रोपं निघतात. गड्डा फोडूनच लावावी लागते. म्हणजे ज्याला हवी त्याने माझ्याच वाफ्यात हात घालायचा!

१० एप्रिल

ओतारला विचारलं. “गोगलगायींनी खाल्ली असेल,” म्हणाला.

गोगलगाय फावडं घेऊन येते वाटतं. नवऱ्याला खोटं कधीच जमलं नाही. बोलताना माझ्या तोंडाकडे बघेना, कानाकडे बघत होता.

१७ एप्रिल

आणखी एक गड्डा गेला.

२१ एप्रिल

सापडली. शेजारच्या मेदेयाच्या मागच्या फाटकापाशी, बीचच्या झाडाखाली. आपली पानं मी ओळखणार नाही? पाणीसुद्धा घातलेलं होतं.

मेदेया दवाखान्यात नर्स होती. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. अजून केस रंगवते. मी कुंपणावरून म्हटलं, “छान आहे गं रोप. कुठून आणलंस?”

“ओतारने लावलंय. त्यालाच विचार,” म्हणाली आणि कपडे वाळत घालायला लागली. लाज नाही, चोरटेपणा नाही. उलट माझीच कीव केल्यासारखं बघितलं. ते जास्त झोंबलं.

ओतारला विचारलं नाही. विचारलं की सावध होईल.

२८ एप्रिल

आता सगळं दिसायला लागलंय. वर्तमानपत्र घडीसकट पडून असतं. “वेळ नसतो,” म्हणे. मधमाश्यांच्या पेट्यांकडे जातो तो जेवणापर्यंत परतत नाही. पेट्यांची वाट मेदेयाच्या मागूनच खाली जाते. मी तिकडे फिरकत नाही हे त्याला ठाऊक आहे — एकदा माशी चावली तर गळा सुजून मरता मरता वाचले होते. बरी जागा शोधली.

५ मे

पावाच्या दुकानात झिनाने पाव बांधता बांधता विचारलं, “त्सियाला, परवा शहरात, कुताईसीला, सगळे गेला होतात का? ओतार आणि मेदेया गाडीत दिसले. तिने त्याला हाताला धरून उतरवलं, म्हणून विचारलं.”

मी म्हटलं, “हो, माझंच काम होतं.” पाव तिथेच विसरून आले.

मला सांगितलं होतं, पेट्यांसाठी फळ्या बघायला जातोय. फळी एकही आली नाही.

संध्याकाळी मुलीला फोन केला. खातुना हसली. “आई, बाबांना चीजची खाचापुरी सोडून दुसरं कशाचं प्रेम आहे?” तिला काय सांगणार. ठेवला.

६ मे

आज राजम्याच्या लोबियोत मीठ घातलं नाही. मुद्दाम. मुकाट्याने खाल्लं. मनात पाप असलेला माणूस असाच जेवतो.

११ मे

काय लिहू?

दुपारी तो फावडं घेऊन निघाला. मी डोक्याला, गळ्याला रुमाल गुंडाळला आणि मागोमाग गेले. मेदेयाचं फाटक आलं. आत गेला नाही. तसाच खाली उतरला.

वाटेवर दाट सावली. आणि जिथे जिथे वळण, जिथे दगडाची पायरी, तिथे कडेला माझी चांदी! एवढे गड्डे कधी फोडले त्याने? अंधाऱ्या झाडीत पानं लख्ख उठून दिसत होती. तो एकीपाशी थांबायचा, मान तिरपी करायचा, मग पुढचीकडे जायचा.

मी झाडीतून आडवी जाऊन त्याच्या समोर उभी राहिले. भर दुपार, हातभर अंतर. म्हटलं, बघू आता काय तोंड करतो.

तो थबकला. “मेदेया? तू कशाला आलीस?”

समोर बायको उभी आणि तोंडात तिचं नाव! हात उगारला मी. तो हलला नाही. हात चुकवायला मानही वळवली नाही.

तेव्हा कळलं.

“मी आहे, त्सियाला,” मी म्हटलं.

तो फावड्यावर टेकून बसला. “मधलं सगळं गेलंय,” म्हणाला. “कडेकडेचं दिसतं. पांढरं काही असलं तर बरं दिसतं. कुताईसीच्या डॉक्टरला मेदेयाने दाखवलं. तो म्हणाला, उपाय नाही. तुला कळलं असतं तर तू पेट्या विकायला लावल्या असत्यास.”

लावल्याच असत्या.

१२ मे

आज मी स्वतः उरलेले गड्डे फोडले. घरापासून मेदेयाच्या फाटकापर्यंत वाट राहिली होती. तो खड्डे करत होता, मी लावत होते.

मग विचारलं, “माझं तोंड शेवटचं नीट कधी पाहिलंस?”

बराच विचार केला त्याने. “गेल्या शरदात द्राक्षं काढली तेव्हा. चिडलेली होतीस.”