दुसऱ्या खिडकीचा नट

आबा, तुमच्या शेडमध्ये आता एक मांडववाला खुर्च्या आणि गाद्या ठेवतो. माणूस बरा आहे. खिडक्यांना ठोकलेलं काळं कापड त्यानं परवा ओरबाडून काढलं आणि मला विचारलं, "ताई, हितं कोंबड्या पाळत हुता का?" मी हो म्हणाले. छऱ्याच्या बंदुका करायचो, त्यांचा वेग मोजायचो, हे त्याला कुठं सांगत बसू? सांगायला लागले असते तर त्या कापडाआड मी एक अख्खा पावसाळा कसा काढला तेही सांगावं लागलं असतं. ते मी तुम्हालाही कधी सांगितलं नाही.

पौड रस्त्याला आपली ती पत्र्याची शेड. जत्रेतले फुगेवाले आणि वानरं हाकलायला बंदूक नेणारे बागाईतदार हे तुमचं गिऱ्हाईक. बंदुकीचा जोर बघायची तुमची रीत म्हणजे फळीत छर्रा किती रुतला ते नखानं चाचपायचं. फारच शंका आली तर आढ्याला दोऱ्यांनी टांगलेल्या लाकडी खोक्यात छर्रा मारायचा. खोक्यात काचा बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, ठासून भरलेली; खोका झोका घेऊन जेवढा मागं जाईल तेवढा जोर. मग पुण्याच्या दुकानदारानं सांगितलं, प्रत्येक बंदुकीसोबत वेगाचा आकडा पाहिजे, नाहीतर माल नको. मी नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, वर शहाणपणा दाखवायची हौस. बुधवार पेठेतून सामान आणून मी यंत्र जोडलं. लांब फळीवर हातभर अंतरानं दोन चौकटी, प्रत्येकीत वर बल्ब आणि खाली उजेड ओळखणारा काचेचा डोळा. चौकटींना आपण खिडक्या म्हणायचो. छर्रा पहिल्या खिडकीतून गेला की मोजणी सुरू, दुसरीतून गेला की बंद, आणि लाल आकडे उजळायचे. तुम्ही गावभर सांगत सुटलात, "पोरीनं मशीन बांधलीया." मीही फुगले होते. आपल्याच हातानं आपल्या गळ्यात दावं बांधून घेतेय हे तेव्हा कुठं कळत होतं.

बंगलोरच्या प्रयोगशाळेतून नोकरीचं पत्र आलं तेव्हा आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्ही चुलीपाशी बसला आहात, मी केलेली भाकरी दुधात कुस्करताय. मी पत्र वाचून दाखवते. तुम्ही वर न बघता म्हणता, "जा की. मी कुटं न्हाई म्हनतोय? मशीन तेवढी नीट लावून जा." यात वाकडं काय होतं? यंत्र माझं, ते अजून वेडंवाकडं बोलत होतं, आणि माल त्याच्यावर अडला होता. मला वाटलं, आठवड्याचं काम. रात्री मी बॅगसुद्धा खाली काढली.

पहिल्यांदा उन्हानं छळलं. पत्र्याच्या फटीतून तिरीप आली की काचेचा डोळा दिपायचा आणि छर्रा गेलेला त्याला दिसायचाच नाही. म्हणून तुम्ही शेडच्या खिडक्यांवर आणि फटींवर काळं कापड ठोकलंत. मग आत ट्यूब लावली तर बंदुकीला हात न लावता आकडे पळायला लागले. ट्यूब डोळ्यांना स्थिर वाटते, पण ती सारखी फडफडत असते, आणि ते माझ्या यंत्राला कळत होतं. ट्यूब काढली. मग नव्या बंदुकांचे आकडे भलतेच वर जायला लागले. ते यंत्राचं पाप नव्हतं. तुम्ही आत तेल जास्त सोडायचात, ते पेटून छऱ्याला जादा ढकलायचं. नळीतून निघालेला धूर मी दाखवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आकडा खोटं बोलंल, फळी न्हाई बोलत." नळी खिडकीच्या फार जवळ धरली तर नुसत्या फुंकरीनंच मोजणी सुरू व्हायची, म्हणून बंदूक मागे घेतली. एकेक करत सगळं निस्तरलं. शेवटी एकच बंदूक, एकाच डबीतले छर्रे, आधी यंत्रातून आणि मग तुमच्या खोक्यात मारले. दोघांचं उत्तर जुळलं. चौकटी फळीला आवळून धरणाऱ्या नटांवर मी माझ्या नेलपॉलिशची रेघ ओढली, नटावरून थेट फळीवर, म्हणजे नट हलला तर रेघ तुटेल. त्या नेलपॉलिशवरून तुम्ही मला कॉलेजात असताना झापलं होतं. त्या दिवशी मात्र म्हणालात, "आत्ता लागलं कामाला."

दुसऱ्या सकाळी आकडे उतरलेले. बंदूक तीच, खोक्याचा झोका तोच, यंत्र मात्र छर्रा मंद झाला म्हणतं. मी बल्ब बदलले, तारा सोडून पुन्हा डाख दिले. एखाद्या दिवशी जुळायचं, की दोन दिवसांनी पुन्हा घसरायचं. बाहेर मुळशीच्या बाजूनं पाऊस नुसता कोसळतोय, आत पत्र्याचा कानठळ्या बसवणारा आवाज, अंधार, तेलाचा वास, आणि मी लाल आकड्यांसमोर. पौडहून येणारी एसटी फाट्यावर थांबल्याचं आवाजावरून कळायचं. कोण उतरलं, कोण चढलं, ते दिसायचं नाही. जेवायला बाहेर आले की उजेडानं डोळ्यांत पाणी यायचं आणि तुम्ही म्हणायचात, "रडू नगं, हुईल." मी रडत नव्हते आबा. निदान तेव्हा नव्हते.

नटांकडे बघायचं मला सुचलंच नाही, कारण ते मी आवळले होते. आपल्या हातच्या कामावर माणूस संशय घेत नाही. बंगलोरला हजर व्हायची तारीख जवळ येत होती. एके दिवशी शेवटचा उपाय म्हणून खिडक्यांमधलं अंतर मोजायला मी पट्टी घेतली, मी पास झाल्यावर तुम्हीच दिलेली स्टीलची. दुसरी खिडकी बोटभर पुढे सरकलेली. टॉर्च मारला. रेघ तुटलेली. नट आपोआप सैल पडला असता तर हातानं फिरला असता. हा घट्ट होता. मी पाना लावला, दोन्ही हातांनी लोंबकळले, तरी हलेना. आपल्या शेडमध्ये असा आवळ एकाच हाताचा होता.

मी पाना धरून उभी आणि दारात तुम्ही, दोन कप चहा घेऊन. तुमची नजर आधी पान्यावर गेली, मग माझ्याकडे आलीच नाही.

"काय घावलं?"

"नट ढिला झाला होता, आबा."

"आसंल," तुम्ही म्हणालात. "बंदुकीच्या धक्क्यानं व्हतंय."

आणि कप ठेवून तुम्ही तो नट सोडवलात, माझ्या रेघेवर आणलात, पुन्हा आवळलात. मला तुमचा इतका राग आला की चहाचा कप फेकावासा वाटला. त्याच वेळी हेही दिसत होतं की हा माणूस अंधारात चाचपडत यंत्र बिघडवतो, कारण 'जाऊ नकोस' एवढे दोन शब्द त्याच्या तोंडातून निघत नाहीत. यंत्र नंतर कधी चुकलं नाही. तुम्ही मला कधी थांब म्हणाला नाहीत. मी बंगलोरला कळवलं की घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही. दोन वर्षांनी भुकूमला दिलीत, सायकलवर येता येईल इतक्या जवळ. राग अजून आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी सगळ्यांत जास्त रडले, आणि राग त्यातही होता.

हे सगळं आज लिहायचं कारण मांडववाला नाही. माझ्या लेकीला हैदराबादची नोकरी आलीय. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती पत्र घेऊन ओट्यापाशी आली तेव्हा मी पीठ मळत होते. मी वर न बघता म्हणाले, "जा की. मी कुठं नाही म्हणतेय? घराला रंग तेवढा होऊ दे, मग जा." बोलून झाल्यावर परातीतला हात थांबला. तिला काहीच वेगळं वाटलं नाही. ती म्हणाली, "चालेल आई, रंगाऱ्याला सांग मग लवकर."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. रंगारी आपल्याच आळीत राहतो, दारावरून रोज जातो. लेक संध्याकाळी विचारते, काय म्हणाला, कधी येतोय? मी सांगते, कामात आहे ग तो सध्या.

आबा, मी त्याला अजून विचारलेलंच नाही.