कृपया वर्णन वाचूनच बोली लावावी

३ मार्च, मंगळवार

चोर! ती बाई मला चोर म्हणाली. जाहीरपणे, लिलावाच्या साइटवर, माझ्या खात्याखाली, एक चांदणी देऊन — "सहाचा सेट म्हणून घेतला, पाचच कप निघाले. विकणारीनं एक ठेवून घेतला."

अहो बाई, मथळ्यातच लिहिलं होतं: पाच कप, सहा बशा. खाली वर्णनात पुन्हा: एक कप फुटला, त्याची बशी वाया जाऊ नये म्हणून सोबत देत आहे. फोटोतही पाचच मांडलेत. आणि एक सुटा कप ठेवून घेऊन मी त्याचं काय लोणचं घालणार होते?

सभ्य भाषेत कळवलं. उत्तर आलं, "एवढं कोण वाचत बसतं?"

हे वाक्य मला नवीन नाही. सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. औषधाच्या खोक्यात घडी घातलेली चिठ्ठी असते ना, मुंगीएवढ्या अक्षरांची — ती मी तपासायची. लोक खोकं उघडतात, गोळी काढतात, चिठ्ठी टाकून देतात. तरी एक वेलांटी कधी चुकू दिली नाही. वाटलं होतं, निवृत्त झाले, सुटले. कसलं काय! आता आईचं सामान विकायला बसलेय आणि पुन्हा तेच. मी लिहायचं, कोणी वाचायचं नाही.

५ मार्च

सूटकेस. वर्णनात स्पष्ट — "किल्ली हरवली आहे, कुलूप लागत नाही." घेणाऱ्याचा निरोप: "किल्ली पाठवायला विसरलात."

मी: "वर्णन वाचावं."

तो: "वाचलं. पण किल्ली?"

धन्य! आता प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी ओळ टाकते — कृपया वर्णन वाचूनच बोली लावावी. टाकल्यावर लक्षात आलं, ही ओळसुद्धा वर्णनातच आहे. म्हणजे जे वाचत नाहीत त्यांच्यासाठी लिहिलेली ओळ फक्त वाचणाऱ्यांनाच दिसणार. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

८ मार्च, रविवार

ताईचा फोन. ती लांब राहते, आठवड्याला एकदा फोन करते, तोही भाजी चिरता चिरता.

"अगं, निबंध कसले लिहितेस? दोन फोटो टाक आणि मोकळी हो. नाहीतर सरळ फेकून दे. महिनाअखेर घर रिकामं करायचंय ना तुला?"

करायचंय. आई गेली आणि घरमालकानं जागा मागितली. त्याच्या मुलाचं लग्न झालंय, त्याचंही काही खोटं नाही. मला एक खोली मिळालीय. तिच्यात मी, कॉट आणि शेगडी एवढंच मावतं. बाकीचं सगळं जायलाच हवं, हे कळतं मला. पण वस्तू काय आहे, कोणाची होती, कशी वापरायची, एवढं विचारून नेणारा एक तरी माणूस भेटावा. एकच. आईचं कपाट तरी अशा माणसाकडे जावं. ते मी अजून साइटवर टाकलेलं नाही.

हे ताईला बोलले नाही. म्हणाली असती, "तुझं आपलं काहीतरीच." तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली आणि फोन बंद झाला.

९ मार्च

नवं गिऱ्हाईक. आईच्या आरामखुर्चीबद्दल विचारतो, "ताई, खुर्चीला हात आहेत का?"

पाच फोटो टाकलेत खुर्चीचे! पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. हात नाहीत असं वाटावं असा त्यांतला एकही नाही. "फोटो पाहावेत," असं कळवलं.

दुपारी पुन्हा: "पाठ उंच आहे की कमरेपर्यंतच?" फोटो पाहावेत.

संध्याकाळी: "लाकूड गडद आहे की फिकं? धन्यवाद, ताई." दर वेळी धन्यवाद! चीड येते ती त्यानंच जास्त. याचं नाव मी प्रश्नोबा ठेवलंय.

१२ मार्च, गुरुवार

खुर्ची दुसऱ्याच कोणी नेली. एक शब्द न विचारता.

प्रश्नोबा आता टेबलाकडे वळलाय. "कोपरे गोल आहेत की टोकदार?" "खण कोणत्या बाजूला?" "पाय सरळ की बाहेर झुकलेले?" सगळं फोटोत दिसतंय, लख्ख! सकाळपासून सहनच केलं होतं. त्यात त्या कपवालीनं आपल्या मैत्रिणीलाही एक चांदणी द्यायला लावली. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. लिहिलं, "देवानं डोळे दिलेत ते कशाला? जरा उघडून फोटो बघा!"

बऱ्याच वेळानं उत्तर — "बरं, ताई. उगाच तसदी दिली."

आणि मी त्याला ब्लॉक केलं. आता जाहिराती बघेल बिचारा, पण अवाक्षर पाठवता येणार नाही, बोलीही लावता येणार नाही. ब्याद टळली. शांत वाटलं.

१५ मार्च

आज दिवसभर कोणाशीही बोलले नाही. संध्याकाळी दुकानात "दुधाची एक पिशवी" म्हणाले, तर घशातून आवाजच फुटेना. खोकून पुन्हा म्हणावं लागलं.

१६ मार्च, सोमवार

बुद्धिबळाचा संच. काळ्यातलं एक प्यादं कधीच हरवलंय. त्या जागी आई बाबांच्या कोटाचं बटण ठेवायची. बाबा जन्मभर त्या बटणाला हसले आणि जन्मभर हरले. हे सगळं वर्णनात लिहिलं. मग हात थांबेना. शेवटी लिहून टाकलं — "काल मी दिवसभर कोणाशी बोलले नाही. हे वाचणाऱ्यानं फक्त 'वाचलं' एवढं कळवावं."

जाहिरात टाकली आणि मग भीती वाटली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचलं तर? ताईनं वाचलं तर? मग स्वतःचंच हसू आलं. घाबरतेय कोणाला? एवढं कोण वाचत बसतं!

१८ मार्च

स्टूल टाकलं. लिहिलं — "यावर चढून मी दिवा बदलते. पूर्वी आई खालून धरायची. आता कोणी धरत नाही, तरी पडलेले नाही. स्टूल मजबूत आहे."

तासाभरात विकलं गेलं. अभिप्राय आला: "झकास! मजबूत!" चार चांदण्या. म्हणजे शेवटचा शब्द वाचला असावा.

२० मार्च

बुद्धिबळवाल्याची तक्रार आलीच. "प्यादं कमी. वर बटण पाठवलंय. चेष्टा करता का?" त्यानं तर बोली लावली होती, आठ जणांशी चढाओढ करून! आठांपैकी एकानंही "वाचलं" असं कळवलं नाही.

कुरियरवाला खोकं न्यायला आला. "काय मावशी, आज काय गेलं?" रोज विचारतो, मोबाइलकडे बघत.

"माझं डोकं," मी म्हटलं.

"बरं. इथे सही करा."

२२ मार्च, रविवार

आता टाळून चालणार नव्हतं. कपाट टाकलं.

आईला शेवटी शेवटी माणसं ओळखू येईनाशी झाली. मला "बाई" म्हणायची, कामाला ठेवल्यासारखं. पण कपाटाच्या आरशात तिला एक मैत्रीण मिळाली. रोज सकाळी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायची. "या, बसा. आज उशीर केलात?" बिस्किटाचा अर्धा तुकडा तिच्यापुढे धरायची. डॉक्टर म्हणाले, आरसा झाका. मी चादर टाकली. आई दिवसभर कपाटापुढे उभी. "त्या का नाही आल्या? माझं काही चुकलं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी चादर काढून टाकली. मग काय, पुन्हा दोघींच्या गप्पा! मी आपली चहा आणून देणारी. मला हेवा वाटायचा. माझ्या आईच्या प्रतिबिंबाचा मला हेवा वाटायचा, आणि हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

ते सगळं वर्णनात लिहिलं. उंची-रुंदीच्या खाली, "उजवं दार किंचित उचलून लावावं लागतं" याच्या नंतर. आणि शेवटी — "आई गेली त्या दिवशीपासून मी या आरशासमोर उभी राहिलेले नाही. समोरची बाई मलाही 'बसा' म्हणाली तर, अशी भीती वाटते. कपाट जपून वापरावं."

दिवसभर फोन हातातून सुटला नाही. काही नाही.

२५ मार्च

बोल्या चढताहेत. निरोप एकच आला: "होम डिलिव्हरी आहे का?" वर्णनाच्या पहिल्याच ओळीत आहे — स्वतः येऊन न्यावं लागेल.

घरमालकाची सून फीत घेऊन भिंती मोजायला आली होती. चांगली आहे पोरगी. कपाटापाशी येऊन म्हणाली, "आत्या, हे गेल्यावर मागची भिंत रंगवावी लागेल हं." आरशात बघून केस सारखे केले. मी स्वयंपाकघरात गेले.

२८ मार्च, शनिवार

लिलाव संपला. कपाट एका बाईला गेलं. खात्याचं नाव "चिमणी". सुरुवातीपासून होती बोलीत, कोणी वर चढलं की ही लगेच त्याच्या वर. पण एक प्रश्न नाही, एक शब्द नाही! "उद्या सकाळी न्यायला येऊ" एवढाच निरोप.

नेऊ दे. तिच्या माळ्यावर पडेल नाहीतर मुलांचे बूट ठेवेल त्यात. मी कोण सांगणार? आज जेवले नाही. एकटीसाठी काय रांधायचं, आणि तेही बांधाबांधीच्या पसाऱ्यात.

रडू आलं खरं. कपाटासाठी नाही. मी एवढं मन मोकळं केलं, चारचौघांत, उघड्यावर, आणि कोणाला ऐकू गेलं नाही.

२९ मार्च

चिमणी म्हणजे माझ्याच वयाची बाई निघाली. दोन हमाल घेऊन आली. त्यांनी कपाटाला हात घातला तशी ओरडली, "आरसा सांभाळून रे! त्यांच्या आईची मैत्रीण आहे त्यात."

म्हटलं, तुम्ही वाचलंत?

"मी कुठली वाचतेय! माझा दादा ऐकतो. त्याचा फोन त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो ना. तुमचं सगळं ऐकलंय त्यानं, स्टुलाचं, बटणाचं. दोन-दोनदा. उत्तर द्यायचं म्हणून किती धडपडला, पण तुम्ही त्याला बंद केलंय म्हणे. म्हणून मग माझं खातं." मग म्हणाली, "फोटो कळत नाहीत त्याला. दिसत नाही. आणि तसं आधी सांगितलं की लोक एक तर फसवतात, नाहीतर कीव करतात. म्हणून सांगत नाही तो."

प्रश्नोबा. मी त्याला काय लिहिलं होतं ते आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं विचारलेली एकही गोष्ट मी शब्दांत लिहिलेली नव्हती.

"कुठे आहेत ते?"

"खाली गाडीत. वर यायला कचरतोय. म्हणतो, ताई रागावल्यात."

अनवाणीच जिने उतरले. माफी मागायची होती, ती राहूनच गेली. मग गाडीच्या खिडकीपाशी उभी राहिले आणि हमाल कपाट चढवत होते तोवर ते कसं दिसतं हे त्यांना सांगत राहिले, वरपासून खालपर्यंत, आरशासकट. आरशात मीही दिसत होते. तेही सांगितलं.