दुधातला कोळसा

सोलापूर,
ता. ६ फेब्रुवारी १९२८

प्रिय सिद्धलिंगप्पा यास,

तुमच्या रीतीने शरणु, आमच्या रीतीने नमस्कार. इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीक असावे, असे लिहायची रीत म्हणून लिहितो. ठीक नाही हे तुझ्या दोन्ही पत्रांवरून कळले आहे.

उत्तराला उशीर झाला. चष्म्याची काडी मोडली होती, शिवाय सकाळच्या गारठ्याने बोटे वळत नाहीत. तुमच्या दुधनी गावच्या दूधवाटपाची खोकी अजून का आली नाहीत, असे तू विचारतोस. रेल्वेचे काय सांगावे! पार्सलचा डबा भरला की स्टेशनातला बाबू म्हणतो, उद्या या. तू अडतीतला माणूस, तुला हे नवे नाही.

यंदा हुरड्याचे बोलावणे आले नाही. कुठून येणार म्हणा, कणसेच भरली नाहीत. पण पौष सरला की अजून नाकाला तो भाजका वास येतो. तुमच्या शेतात आगटीभोवती आपण बसलो होतो आणि तू कविता म्हणायला लागलास. गडीमाणसे हातातले कणीस हातातच धरून राहिली. तुझी मातृभाषा कानडी, घरात मराठीचा शब्द नाही, आणि तरी अक्कलकोटच्या शाळेत कविता म्हणायला मास्तर तुलाच उभा करत. तू सूर लावलास की ते डोळे मिटून घेत. मी म्हणायला लागलो की उघडत, आणि म्हणत, "मुकुंदा, मात्रा बिनचूक आहेत हो तुझ्या." मात्रा!

जाऊ दे. म्हातारपणी जुने फार आठवते.

आमच्या दुष्काळ-मदत मंडळाचे काम चालू आहे. विलायतेहून बोटीने मुंबईला आलेली दुधाची भुकटी, माशाचे तेल, हिवतापावरचे कोयनेल, सगळे आमच्या वखारीत उतरते. मोठी खोकी फोडायची, गावोगावची वाटणी करायची, डबे पेंढ्यात बसवायचे, वर गोणपाट शिवायचे आणि काळ्या रंगाने नाव घालायचे: मोडनिंब, माळशिरस, दुधनी. तीस वर्षे फळ्यावर गिरवलेले अक्षर या कामी आले. भरणीला केराबाई आहे, गिरणीतून काढलेली. तिचे तोंड गिरणीच्या भोंग्यासारखे, पण हात असा की आजवर एक बाटली फुटली नाही.

तू लिहितोस, पोरे तुझ्या दुकानाच्या ओट्यावर कशी ओळीने बसतात, दूध प्यायल्यावर ओठावर पांढऱ्या मिशा कशा उमटतात, आणि मग एकमेकांना बघून कशी खिदळतात. तुला ती 'हालज्जा' म्हणतात, दुधाचा आजोबा. माशाच्या तेलाची बाटली तू नाकाला उपरणे लावून, तोंड फिरवून उघडतोस आणि ती बघायला गाव जमते, हेही वाचले. फार हसलो. हसलो असे लिहिले, पण हसलो नाही. सिद्धू, आजवर मी एकही पोर ते दूध पिताना पाहिलेले नाही. मला दिसतात ती झाकणे.

परवा केराबाई म्हणाली, "मास्तर, ह्यो दुधनीचा ढीग कवाधरनं हितंच हाय की. कधी हालायचा?"

म्हटले, "हुकूम यायचाय."

"कुणाचा?"

"वरचा."

"देवाचा व्हय? मग तवर पोरांनी काय करायचं? तुमी तर लई दिस झालं त्या खोक्यांवर बसून तंबाखू मळताय. घुबड बसल्यावानी दिसताय."

मी तिला गप्प बस म्हणालो. ती गप्प बसली नाही, पण तिचे पुढचे इथे लिहिण्यासारखे नाही.

तेव्हा रेल्वेचे वर जे लिहिले ते खोडून वाच. रेल्वेची काही चूक नाही. खोकी मंडळाने अडवली आहेत.

झाले असे. आमचे डॉक्टर गेल्या महिन्यात तुमच्याकडे तपासणीला आले होते ना? भला माणूस, पण मुंबईत वाढलेला, विलायतेत शिकलेला. परत आले ते तुझे नाव घेतच. असे केंद्र जिल्ह्यात नाही, पोरांच्या अंगाला मांस चढते आहे, नागम्माची नात भिंत धरून उभी राहायला लागली आहे! आणि मग, सिद्धू, ते गुणगुणायला लागले,

वाटीत माझ्या उतरला डग,
पिऊन हसते इवले जग.

"दुधनीच्या अज्जांचं गाणं," ते मला सांगतात. मला! ज्याने ते रचले, पहिल्या खोक्यात पेंढ्यावर ठेवून पाठवले, त्याला! वर माझ्या 'ढगा'चा तुझ्या पोरांनी 'डग' केलेला. तू चोरी केली नाहीस, हे मला ठाऊक आहे. "तुझे गाणे पोरांना फार आवडले" असे तू लगेच कळवले होतेस. चोरी केली असतीस तर बरे झाले असते. रागवायला जागा मिळाली असती. गाणे माझे, दूध माझ्या वखारीतले, आणि तोंडी नाव तुझे. पन्नास वर्षांपूर्वी हेच, आजही हेच.

मग डॉक्टरांनी आवाज उतरवला. "मास्तर, एक वाईट पाहिलं. बायका घरच्या तान्ह्यांसाठी दूध नेतात, त्या वाट्यांत काळे खडे. अज्जांना विचारलं, तर हसून म्हणतात, असू द्या, बायकांचं समाधान. कसलं समाधान, घाणीचं? तुम्ही त्या बाजूचे. काय प्रकार आहे हा?"

मला ठाऊक नव्हते का? शाळेच्या सुट्टीत तुमच्याकडे राहायला आलो की तुझी आई, तुमची अव्वा, आपल्या हाती दुधाची चरवी द्यायची, गावातल्या पंतोजींकडे पोचवायला. गल्लीतून उघडे दूध जाणार म्हणून चुलीतला विझला कोळसा त्यात टाकायची. "दृष्टी आगतद," म्हणायची. कुणाची दृष्ट लागू नये. पंतोजी तो खडा चिमटीने काढत, खिडकीबाहेर टाकत आणि दूध पिऊन टाकत. तुझ्याकडच्या बाया त्या खड्यावाचून डब्यातले परके दूध लेकरांच्या तोंडी लावणार नाहीत, हे मला बसल्या जागी कळले. एका वाक्यात सांगता आले असते.

मी म्हणालो, "चौकशी करावी लागेल."

डॉक्टर म्हणाले, "करा. तोवर दुधनीचा माल थांबवा."

चौकशी मीच करायची होती. केली नाही. तुझ्या कामात एक काळा खडा सापडला आणि मला बरे वाटले. लिहून टाकले, आता खोडत नाही.

काल तुझे दुसरे पत्र आले. साठा संपला, पोरे सवयीने ओट्यावर येऊन बसतात आणि गाणे म्हणून परत जातात. नागम्माची नात पुन्हा बसून असते. पत्रात माझ्यावर एक कडू शब्द नाही. उलट विचारतोस, "मुकुंदा, तुझी प्रकृती बरी आहे ना? तू असताना खोकी अडायची नाहीत."

*

इथे लेखणी ठेवून डॉक्टरांकडे जाऊन आलो. आता दिवे लागले आहेत.

सगळे सांगितले. कोळशाचे ऐकून ते मोठ्याने हसले. मग हसायचे थांबले. "हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हणालो, "ते गाणं माझं आहे."

त्यांना काही उमगले नाही. समजावायला गेलो, तर माझ्याच कानाला ते इतके पोरकट वाटले की मध्येच थांबलो. ते म्हणाले, "बायकांना सांगा, वाटीवर झाकण ठेवा आणि खडा झाकणावर. दृष्टीला झाकणाच्या आतलं थोडंच दिसतं?" आणि माल सोडायचा हुकूम दिला. वखारीची किल्ली माझ्याकडे ठेवायची की नाही, ते मंडळ ठरवील. काढून घेतली तर बोलायला मला तोंड नाही.

परवाच्या रायचूरकडच्या गाडीने खोकी निघतील, हे पत्र त्याआधी पोचेल. पार्सलच्या भरवशावर सोडत नाही, बरोबर मी येतो. केराबाईने बाजारातून झाकणांची चळत आणली आहे. म्हणाली, "हालला एकदाचा देव!" स्टेशनावर बैलगाडी पाठव.

आणि एक मागणे. एक वाटी मला माझ्या हाताने देऊ दे. जमले तर नागम्माच्या नातीची. ती गाणे म्हणणार असली तर 'डग' म्हटले तरी चालेल. गाणे कुणाचे, ते पोरांना सांगू नकोस. नको, सांग. एकदाच सांग, मी ओट्यावर असताना.

तुझ्याकडच्या बाया कोळसा टाकत होत्या तो गल्लीतल्या नजरांसाठी, सिद्धू. दुधावर नजर लागली ती सोलापुरातून.

ज्याची दृष्ट लागली, तो तुझा
मुकुंद